दादांच्या आवाजाचा बिल्ड

सकाळी वरच्या कातळाच्या सड्यावरून काजूच्या बोंडूंचा आंबूस-गोड वास खाली आला आणि मला एकदम कंटेनरची आठवण झाली. हे वाक्य आयेला वाचून दाखवलं तर ती म्हणेल, "गो, डोक्या फिरला काय तुझा?" पण ज्याचा त्याचा वैशाख. कुणाला वैशाख म्हटलं की आंबे आठवतात, कुणाला मांडवातली लग्नं, आमच्या तोंडवलीत हल्ली बऱ्याच जणांना पर्यटक आठवतात. मला परारचा, दोन वर्षांमागचा वैशाख आठवतो. काजूच्या झाडाखाली मांडीवर लॅपटॉप घेऊन मी बसले आहे, आजूबाजूला पिकलेले बोंडू टपटप पडताहेत आणि मी एकच गोष्ट परतपरत करून बघते आहे. माझ्या वडिलांचा आवाज तीन वेगवेगळ्या यंत्रांतून त्यांचाच निघतो का?

आठवणीला आज निमित्तही आहे. आयेच्या फोनने रात्री स्वतःला नवं करून घेतलं आणि सकाळी दादांचं ॲप उघडेना. दादा म्हणजे माझे वडील. त्यांनी अंगणातूनच मला हाताने खूण केली, फोन वर धरला आणि भुवया उडवल्या. "बघतंय, बघतंय," मी म्हटलं. एक ओळ बदलली, बटण दाबलं, आणि आता कुठल्या तरी दूरच्या संगणकावर तीच जुनी कामांची रांग नव्याने लागली आहे. ती संपेपर्यंत मला काही काम नाही. चहा घेऊन पायरीवर बसले आहे.

दादांनी नोकरीची बरीचशी वर्षं कणकवलीच्या एसटी स्टँडवर माईकपुढे काढली. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे" हे त्यांच्या तोंडून अर्ध्या जिल्ह्याने ऐकलेलं आहे. मी कॉलेजला कणकवलीत होते तेव्हा माझ्या मैत्रिणी त्या आवाजाला घाबरायच्या. त्यांना वाटायचं कुणीतरी सहा फुटी मिशाळ साहेब आत बसलेला असणार. प्रत्यक्षात आत हे आमचे किडकिडीत दादा, समोर काचेच्या ग्लासातला अर्धा चहा, आणि स्विच बंद झाला की लगेच शेजारच्याला, "मेल्या, पंखो वायच हंय फिरव रे." माईक चालू असला की पुस्तकातलं मराठी, माईक बंद झाला की मालवणी. आमच्याकडे कचेरीत शिरताना चपला काढाव्यात तशी माणसं बोली बाहेर काढून ठेवतात.

त्या वर्षी होळीनंतर त्यांचा घसा बसला तो उठलाच नाही. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की स्वरपेटी काढावी लागेल, जिवाला धोका राहणार नाही, पण आवाज राहणार नाही.  दादांनी तेवढं एकच विचारलं, आणि तेही त्यांच्या कचेरीच्या मराठीत: "साहेब, पावसाच्या आधी आमच्याकडे राखण असते. तोपर्यंत मला बोलता येईल का?" डॉक्टरांना राखण म्हणजे काय ते कळलं नाही. ते म्हणाले, ऑपरेशन लवकर करू तेवढं बरं.

राखण म्हणजे वाडीच्या राखणदाराला वर्षातून एकदा द्यायचा मान. बागेच्या कोपऱ्यात चिंचेखाली त्याचा दगड आहे. पाऊस सुरू व्हायच्या आधी सगळी वाडी तिथे जमते, नारळ ठेवतात, कोंबडा देतात, आणि एक जण मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. म्हणजे राखणदाराला वर्षाचं सगळं सांगतो आणि पुढच्या वर्षाचं मागतो, आणि प्रत्येक मागणीला जमलेले लोक म्हणतात, "व्हय म्हाराजा." आमच्या वाडीचं गाऱ्हाणं माझ्या जन्माआधीपासून दादा घालत आले आहेत. ते गेलं तर आपल्याजवळ काय राहिलं, असं त्यांना वाटत होतं. तोंडाने कधी बोलले नाहीत, पण परतीच्या वाटेवर गाडीच्या काचेतून बाहेर बघत बसले होते, तेव्हा मला ते दिसलं.

मी सॉफ्टवेअर लिहिते. पुण्यात बरीच वर्षं लिहीत होते, आता घरातून लिहिते. दुःख झालं की काही माणसं देवळात जातात, मी संगणक उघडते. ठरवलं की ऑपरेशनच्या आधी दादांची वाक्यं भरून घ्यायची आणि बोटाच्या एका दाबासरशी ती बोलणारं ॲप करायचं. यंत्राचा परका आवाज नको, त्यांचाच हवा. मुंबईच्या भावाने आपला जुना आयपॅड पाठवला, तो दादांना इस्पितळात. आयेचा साधा अँड्रॉइड फोन, तो चार्जिंग संपलं तर. आणि पडवीतला म्हातारा विंडोजवाला संगणक, ज्याच्यासमोर दादा संध्याकाळी पेपर वाचत बसतात. तीन यंत्रं, तीन जातींची, आणि तिघांची आपापसात बोलचाल नाही.

भरून घेताना सुरुवातीलाच गंमत झाली. मी चांगला माईक आणला, स्टँडवर लावला, दादांना समोर बसवलं. त्यांनी सदऱ्याची बटणं लावली, घसा साफ केला, सवयीने आधी "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे" म्हटलं, आणि दोन दिवसांत यादीतली सगळी वाक्यं शिस्तीत म्हणून टाकली. मी खूश. संध्याकाळी आयेला ऐकवलं. लॅपटॉपमधून खणखणीत आवाज आला: "मला पाणी हवे आहे. कृपया पंखा बंद करावा. जेवण तयार आहे का?"

आये पदराने तोंड पुसत होती ती तशीच थांबली. "ह्यो कोण सायब?" तिने विचारलं. "ह्या सायबाक मी जेवण वाढूचंय नाय."

आम्ही तिघंही पोट धरून हसलो आणि हसता हसता आये रडायला लागली. माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे एसटीच्या निवेदकाचा आवाज आहे, पण दादांचा नाही. माईक दिसला की ते आपोआप फलाटावर जाऊन उभे राहत होते. त्यांनाही ते कळलं. म्हणाले, "माका ता दाखव नको. खंयतरी लपव."

मग माईक सुपात ठेवला, ओल्या काजूंच्या खाली. आये पुढ्यात बसून काजू सोलायची, हाताला चीक लागू नये म्हणून राख चोळून, आणि दादा तिच्याशी बोलत बसायचे. भरून घेतो आहोत हे त्यांना ठाऊक होतं, पण डोळ्यांसमोर माईक नसल्यामुळे थोड्या वेळाने ते विसरायचे. असे ते दिवस गेले. "गो, चाय टाक." "वायच मीठ कमी झाला." "खंय गेल्लंस इतको वेळ?" "कोण आयलो बघ." "पाणी दी गो." मध्येच कावळा, मध्येच विहिरीवरचा पंप, मध्येच आयेचं, "सगळा माकाच सांगा, तुमी नुसते बसून रव्हा." घसा खरखरत होता, पण तो त्यांचाच घसा होता. मी आणि माझा मित्र इनास ते तुकडे कापायला बसलो तेव्हा त्याने कावळा काढून टाकायचं म्हटलं. आये म्हणाली, "ऱ्हवांदे. कावळ्याशिवाय हेंचा बोलणा माका खोटा वाटात."

इनास आमच्या शेजारच्या वाडीतला. आई गोव्याची, वडील इथले, नाताळात त्यांच्याकडून नेवरी आणि गणपतीत आमच्याकडून मोदक असा जुना व्यवहार. कणकवलीच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. तोही घरूनच काम करतो, आणि कुणाचं काही अडलं की न बोलावता येतो. त्या वैशाखात तो रोज आला.

एक गोष्ट राहिली होती. मी दादांना म्हटलं, गाऱ्हाणंही भरून घेऊ. राखणीच्या दिवशी वाजवता येईल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वर्षभराचं जेवण आजच रांधून ठेवूया म्हटलं होतं.

"गाराणा भरून ठेवचा नसता गो चेडवा," ते म्हणाले. "त्या दिवशी जा आसा, ता सांगाचा आसता. ह्या वर्षी कोणाचा काय झाला, कोणाक काय होया. आज मी काय सांगू?"

मी पुन्हा विचारलं नाही. पण ते तेवढं वाक्य माझ्या मनात टोचत राहिलं, कारण मी तेव्हा नेमकं उलट काम करत होते. काहीही झालं तरी, कुठेही, कधीही, तेच आणि तसंच निघेल असं काहीतरी मला बांधायचं होतं.

बांधायचं म्हणजे काय ते सांगते. आम्ही जे लिहितो ते माणसाला वाचता येतं, यंत्राला चालवता येत नाही. त्यापासून यंत्राला चालेल असा प्रोग्रॅम तयार करावा लागतो, त्याला आमच्याकडे बिल्ड म्हणतात. तो करताना दुसऱ्यांनी लिहिलेली दहा-वीस हत्यारं लागतात, आणि प्रत्येक हत्याराच्या नव्याजुन्या आवृत्त्या असतात. माझ्या लॅपटॉपवर मी बिल्ड केला, पडवीतल्या संगणकावर लावला, दादा बोलले. आयपॅडचा बिल्ड इनासच्या मॅकवर, अँड्रॉइडचा त्याच्याच दुसऱ्या संगणकावर. तेही बोलले. आम्ही एकमेकांच्या पाठीवर थाप मारली आणि आयेला हाक मारली.

आयेने फोन कानाला लावला. "चाय टाक गो," फोन म्हणाला. तिने फोन दूर धरून बघितला, परत कानाला लावला.

"ह्यो तुझो बापूस न्हंय," ती म्हणाली.

मी ऐकलं. आवाज तोच, शब्द तेच, पण किंचित पातळ आणि किंचित घाईचा, दादांच्या एखाद्या धाकट्या भावाने बोलावं तसा. आम्हाला कळलंही नसतं. चूक सापडायला अर्धा दिवस गेला. आवाज वाजवणारं एक हत्यार माझ्याकडे जुनं होतं, कधीकाळच्या कुठल्या कामासाठी घेतलेलं. इनासच्या संगणकाने त्याचं नवं घेतलं होतं. एका सेकंदाच्या आवाजाचे किती तुकडे मानायचे याचा हिशेब नव्याने बदललेला, त्यामुळे तो आमचा आवाज थोडा जोरात पळवत होता. माझ्या धंद्यात यावर एक जगप्रसिद्ध उत्तर आहे: माझ्या मशीनवर तर चालतं. मी ते उत्तर दिलंसुद्धा.

"तुझ्या मशीनर चलता गो," इनास म्हणाला. "पण दादांका काय तुझ्या मशीनीत ऱ्हवाचा आसा?"

उपाय म्हणून त्याने कंटेनर सुचवला आणि एक गोष्ट सांगितली: त्याच्या मावशीच्या लग्नाला म्हापशाहून कुजनेर आला होता. कुजनेर म्हणजे लग्नाचा आचारी. तो येताना आपली पातेली, आपला मसाला, आपलं माडाचं व्हिनेगर, इतकंच काय, आपला पाटासुद्धा घेऊन आला. मावशीने विचारलं, आमच्याकडे पाटा नाही का? तो म्हणाला, तुमच्या पाट्यावर माझं वाटण तसं येणार नाही. "कंटेनर म्हणजे तोच," इनास म्हणाला. "तुझ्या घरात काय आसा ता इचारूचाच नाय. आपला सगळा घेवनच येवचा."

तर आम्ही तसा डबा बांधला. बिल्डला लागणारं प्रत्येक हत्यार नेमक्या कुठल्या आवृत्तीचं, ते सगळं एका बंद कंटेनरमध्ये घालून ठेवलं. आता तो कंटेनर माझ्या लॅपटॉपवर उघडा, नाहीतर परदेशातल्या भाड्याच्या संगणकावर, आत सामान तेच. विंडोजचा आणि अँड्रॉइडचा बिल्ड त्यात होऊ लागला. आयपॅडचा मात्र होईना. त्या कंपनीचं सोवळं असं की तिचा बिल्ड तिच्याच यंत्रावर झाला पाहिजे. तेव्हा इनासचा छोटा मॅक त्याच्या घरी, क्रुसाच्या कोनाड्याखाली, कायमचा चालू ठेवला, त्यावरची हत्यारंही तशीच बांधून टाकली. आणि मग सगळ्याला एका दोऱ्यात ओवलं. मी कुठलीही ओळ बदलून पाठवली की कोणी न सांगता तिन्ही बिल्ड आपोआप सुरू, बिल्ड झाला की दादांची वाक्यं त्यातून काढून मूळ ध्वनीशी ताडून बघायची, एखादं जरी पातळ निघालं तरी लाल खूण, सगळं जुळलं तर हिरवी. इनासकडची लाइट गेली की आयपॅडचा बिल्ड अडकायचा, आणि वैशाखात आमच्याकडे लाइट कितीदा जाते ते सांगायला नको.

कंटेनर पहिल्यांदा उतरवून घ्यायला भारी जड असतो. घरात नेट इतकं हळू की तो उतरेपर्यंत ऑपरेशन होऊन गेलं असतं. सड्यावर काजूच्या बागेत मात्र रेंज पूर्ण. म्हणून मी तिकडे जाऊन बसायची. बायका बोंडू वेचायच्या, बी पिळून काढून टोपलीत टाकायच्या, बोंडूंचा वेगळा ढीग. दुपारचं ऊन कातळावर आपटून वर यायचं. खाली सुरूच्या बनापलीकडे समुद्र दिसायचा, अगदी शांत, कुठे एखादी होडी. एक वेचणारी मला म्हणाली, "बाय, कितक्या दिवसांचा काम ह्या? आमचे काजी संपले, तुझा संपणा नाय." मी म्हटलं, आवाज भरतेय दादांचा. तिने टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "तेंचो आवाज? तो आमका पाठ आसा गो." आणि वेचायला गेली.

तो सगळा काळ आठवताना भीती आठवायला हवी खरी. भीती होतीच. पण तिच्याहून जास्त मला ते ऊन, तो वास आणि हिरव्या खुणा आठवतात. हात कामात असले की मन एका जागी बसतं, एवढंच मला त्यातून कळलं आहे. दादाही त्या दिवसांत कुंपण बांधत होते, पावसापूर्वी करायचं म्हणून. शहाण्यासारखे झोपून राहिले नाहीत.

इनासचा हट्ट होता की नुसता आवाज सारखा येऊन भागणार नाही. एकाच लिखाणापासून माझ्याकडे आणि त्याच्याकडे वेगवेगळे बिल्ड केले तर दोन्ही फायली टिंबाटिंबाने सारख्या आल्या पाहिजेत, तरच उद्या आम्ही दोघं नसलो तरी कुणालाही तोच आवाज पुन्हा बांधता येईल. अशा फायलीचा एक ठसा काढता येतो, अंगठ्याच्या ठशासारखा. निदान कंटेनरमधल्या दोन बिल्डचे ठसे जुळावेत म्हणून आम्ही धडपडत होतो, आणि ते जुळत नव्हते. सगळं सारखं, तरी ठसे निराळे. शेवटी सापडलं. बिल्ड होताना प्रोग्रॅम आपल्या पोटात आपल्या जन्माची वेळ लिहून ठेवत होता. माझा सकाळचा, त्याचा दुपारचा. दोघांच्या कुंडल्या वेगळ्या.

त्यावर उपाय आहे. बिल्डला घड्याळ बघू द्यायचं नाही, आपणच एक वेळ ठरवून सांगायची. "खयची तारीख घालू?" इनासने विचारलं. लोक सहसा काहीही घालतात.  मी सुपातल्या काजूंखाली शेवटचं वाक्य भरलं त्या संध्याकाळची तारीख आणि वेळ घातली. इनासने ती तारीख बघितली आणि तो घरी गेला. त्याने त्याच्याकडे बिल्ड केला, मी माझ्याकडे. दोन लांबलचक ठसे आम्ही एकमेकांना फोनवर वाचून दाखवले. शेवटचं अक्षर जुळल्यावर तो ओरडला, त्याच्या मागे त्याची आई ओरडली की कोण मेलं.

आजही तो बिल्ड जिथे होतो तिथे त्याला वाटतं की तीच संध्याकाळ आहे. आत्ता, मी चहा पीत असताना, त्या दूरच्या संगणकावर दादा अजून बोलू शकतात. मला हे कुणाला फारसं सांगावंसं वाटत नाही, सांगितलं तर खुळी म्हणतील. पण मला त्याचा आधार वाटतो.

ऑपरेशन नीट झालं. दादांनी शुद्धीवर आल्यावर आयपॅड मागितला, बोटाने शोधत शोधत एक चौकोन दाबला. "खंय गेल्लंस इतको वेळ?" कावळ्यासकट. नर्स दचकली. आये म्हणाली, "हंयच आसंय," आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेली. हळूहळू दादा तयार झाले. चुकीचा चौकोन मुद्दाम दाबून माणसांची फिरकी घेऊ लागले. भाऊ मुंबईहून आला तेव्हा त्याला घ्यायला नांदगावच्या स्टेशनावर गेले, आणि फलाटावर उभे राहून जुन्या भरलेल्या वाक्यांतलं एक लावलं, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे." दोन-चार जण खरंच वळून बघू लागले. फेकून न देता ती सगळी कचेरीची वाक्यं मी एका कोपऱ्यात ठेवली होती. ती त्यांना भारी आवडतात.

मग मृगाच्या तोंडाशी राखण आली. आभाळ भरून येत होतं, पाऊस नव्हता. वाडी चिंचेखाली जमली. नारळ ठेवला, उदबत्ती लावली, आणि सगळे दादांकडे बघू लागले. गाऱ्हाणं दुसऱ्या कुणी घालायचं हे ठरवायला हवं होतं, पण कुणी विषयच काढला नव्हता. मी आयपॅड घेऊन गेले होते. का नेला होता मला माहीत नाही, त्यात गाऱ्हाणं नव्हतंच. दादांनी तो माझ्या हातात पाहिला आणि मान हलवली, नको. मग टोपी सारखी केली, नारळावर हात ठेवला आणि तोंड उघडलं.

ओठ हलत होते. आवाज काहीच नव्हता, गळ्याच्या भोकातून येणारा श्वासाचा फुसफुसाट तेवढा.  मला वाटलं आता लोक माना खाली घालतील, कुणीतरी दादांना धरून बाजूला नेईल. दादांनी एक वाक्य संपवलं, नेहमी थांबतात तसे थांबले, आणि सगळी वाडी एकदम म्हणाली, "व्हय म्हाराजा."

ते पुढे बोलले. थांबले. "व्हय म्हाराजा." कुठे श्वास घेतात, कुठे आवाज चढवतात, कुठे गुरांचं मागतात, कुठे दर्यावर गेलेल्यांचं, सगळ्यांना पाठ होतं. काजू वेचणारी ती बाई तिथे होती, डोळे मिटून उभी. इनास मागे उभा होता, तोही म्हणत होता. एकाही ठिकाणी कुणी आधी बोललं नाही की मागे राहिलं नाही.

शेवटी दादा थांबायला हवे होते तिथे थांबले नाहीत. हे नवं होतं. ओठ हलत राहिले, आणि लोकांना कळेना कुठे उत्तर द्यायचं.  मग बायकांच्या घोळक्यातून आये पुढे आली. इस्पितळापासून ती त्यांच्या तोंडाकडे बघून बघून त्यांचं बोलणं वाचायला शिकली होती, आम्हाला कुणाला न सांगता. तिने आयुष्यात कधी चारचौघांत मोठ्याने एक शब्द उच्चारला नव्हता. ती दादांच्या ओठांवर नजर ठेवून, अडखळत, मोठ्याने म्हणू लागली:

"बा राखणदारा, माझ्या चेडवान माझो आवाज सांभाळून ठेवल्यान. तेच्या हातांका यश दी. तेका कधी कोणासमोर गप बसाची पाळी आणू नको रे म्हाराजा."

दादा थांबले. सगळी वाडी म्हणाली, "व्हय म्हाराजा."

माझा एकटीचाच आवाज फुटला नाही.